शेवटच्या ओळीतली मुलगी

मार्चपासून एमिल हुदाक आपल्या मुलीशी बायकोच्या मार्फत बोलत होता.

"तुझ्या मुलीला सांग, तिच्या गाडीचा मागचा दिवा गेलाय," तो म्हणायचा. व्हेरोना तिथेच, स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी कॉफी पीत बसलेली असायची. "बाबांना सांग, उद्या बघते," ती म्हणायची. ल्युडमिला दोघांनाही काही सांगत नसे. दोघांचेही कान शाबूत आहेत, मी कशाला घसा कोरडा करू, असं मनाशी म्हणून ती आपली बटाटे सोलत राहायची.

व्हेरोनाचा गुन्हा असा, की मार्चमध्ये तिने आपल्या पार्लरच्या काचेत एक हिरवी पाटी लावली. पाटीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'व्हेरोना' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'विधानसभेसाठी'. बस्स. पक्षाचं नाव नाही, गाढव नाही. गाढव ही डेमोक्रॅट पक्षाची निशाणी. हुदाकांच्या घरात तो शब्द शिवी म्हणून कधी वापरला जात नसे. एमिल तर तिसऱ्या वॉर्डाचा पक्षप्रमुख. पोलादाच्या भट्टीवर राबून झाल्यावर संध्याकाळी दारोदार फिरून त्याने हा वॉर्ड बांधला होता, आणि नदीकाठचं बाकीचं गाव कुठेही वाहवत गेलं तरी तिसरा वॉर्ड पक्षाच्या खिशात, हे जिल्हाध्यक्षालाही पाठ होतं. आता त्याच वॉर्डातून त्याचीच मुलगी, पक्षाच्याच विद्यमान आमदाराविरुद्ध, अपक्ष म्हणून उभी होती.

"आणि आडनावसुद्धा टाकून दिलं!" एमिल म्हणायचा. खरं तर हे त्याला गाढवापेक्षा जास्त झोंबलं होतं. पण ते कबूल करायला तो तयार नव्हता.

मतदान मंगळवारी होतं. त्याच्या आधीच्या रविवारी हुदाकांकडे वॉर्डाचं जेवण असायचं. प्रार्थना आटोपली की शेजारीपाजारी चर्चमधून थेट इकडेच यायचे, भात-खिमा भरलेले कोबीचे रोल खायचे, आणि मग बाहेरच्या खोलीत मांडलेल्या नमुन्याच्या मतदान यंत्रावर हात बसवून घ्यायचे. जेवणावर कधी वाद झाला नव्हता. या वर्षी ल्युडमिलाने एकच अट घातली.

"माझी मुलगी जेवायला येणार. नाहीतर कोबी तूच वळ."

एमिलला कोबी वळता येत नव्हता. त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

सकाळीच त्याने तळघरातून यंत्र वर आणलं आणि पुसलं. पावाच्या डब्याएवढी ती पत्र्याची पेटी. वरची ओळ डेमोक्रॅटांची, तिच्याखाली रिपब्लिकनांची आणि सगळ्यात खाली सुटेसुटे अपक्ष. प्रत्येक नावापाशी एक छोटा खटका, तो खाली केला की त्या माणसाला मत. पण पक्षाच्या ओळीच्या डाव्या टोकाला एक मोठा दांडा होता. तो ओढला की ओळीतले सगळे खटके एका दमात खाली यायचे. नावं वाचायची भानगड नाही. एमिलचं सगळं आयुष्य त्या दांड्यावर उभं होतं. नमुन्यात सगळे उमेदवार दाखवायचे असा नियम होता, म्हणून खालच्या ओळीतली चिठ्ठीसुद्धा त्यानेच स्वतःच्या अक्षरात लिहून सरकवली होती. व्हेरोना हुदाक. नियम तो नियम. पण आडनाव त्याने जरा ठळकच काढलं होतं.

सगळ्यांच्या आधी मुलगा सिरिल आणि सून नोरीन आले. सिरिल जिल्ह्याच्या रस्तेखात्यात बर्फ उपसायची गाडी चालवायचा. ती नोकरी पक्षाच्या शब्दावर मिळालेली, त्यामुळे बहीण उभी राहिल्यापासून तो थंडी यायच्या आधीच गारठलेला होता. त्याने हातातलं खोकं टेबलावर ठेवलं.

"पक्षाच्या कचेरीतून पाठवलंय, बाबा. गॅरिटीसाहेबांकडून. आज सगळ्यांना एकेक वाटायचं."

खोक्यात गरम भांडी धरायची जाडजूड फडकी होती. प्रत्येकावर आमदार लिओ गॅरिटीचा हसरा चेहरा आणि खाली 'गॅरिटी. तुमचा माणूस.' एमिलने एक फडकं उचललं. उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.

"गाढव कुठाय?"

"कुठलं गाढव?"

"आपलं गाढव! पक्षाचं नाव कुठाय?"

सिरिलने मान खाजवली. "आता ते कोणी छापत नाही, बाबा. गॅरिटींनी शहरातून एक सल्लागार आणलाय. तो म्हणाला, लोक माणूस बघतात. पक्ष दिसला की निम्मे लोक तोंड फिरवतात."

"पक्षाच्या कचेरीतून आलंय, आणि पक्ष दिसला की तोंड फिरवतात?"

"टीव्हीवर पण नाही हो नाव," नोरीन कोट काढता काढता म्हणाली. "त्यात तो कुत्र्याला घेऊन नदीकाठाने चालत असतो. मी दोनदा बघितली जाहिरात, आणि दोन्ही वेळा मला वाटलं, कुत्र्याचं खाणं विकतायत."

"कुत्रासुद्धा त्याचा नाही," ल्युडमिला चुलीपाशी उभी राहून म्हणाली. "त्याच्या मेहुणीचा आहे." आणि तिने गॅरिटीचा चेहरा दोन्ही हातांनी धरून ओव्हनमधलं भलंमोठं भांडं बाहेर काढलं. रस्सा सांडला तो नेमका आमदाराच्या कपाळावर. "फडकं मात्र चांगलं आहे हं. चटका लागत नाही."

दुसरं फडकं एमिलने घडी करून खिशात घातलं आणि दुपारभर मधूनमधून बाहेर काढून बघत राहिला, जणू गाढव कुठल्यातरी शिवणीत अडकलं असेल.

बारापर्यंत घर भरलं. समोरच्या कुख्ताबाई आल्या, कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झालेले बेनेडिक आले, गल्लीतली इतर कुटुंबं आली. एमिलची थोरली बहीण फिलोमिना काठी टेकत आली आणि रिवाजाप्रमाणे एकुलती एक आरामखुर्ची बळकावून बसली. आणि मग अक्रोडाचा लांबलचक केक दोन्ही हातांवर आडवा धरून व्हेरोना आली. ती आत शिरल्यावर पुढची दहा मिनिटं कोणी एमिलकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यात नवल नव्हतं. गावातल्या निम्म्या बायकांची डोकी तिच्या हाताखालून जायची, आणि डोक्यासोबत डोक्यातलंही सगळं तिच्या कानावर यायचं. कोणाची मुलगी बाळंत झाली, कोणाच्या नवऱ्याची पाळी बदलली, कोणाला नदीपलीकडच्या दवाखान्यात जायला गाडी मिळत नाही. या शेवटच्या गोष्टीपायीच ती उभी राहिली होती. जुना पूल धोकादायक म्हणून बंद झाला त्याला तिसरं वर्ष लागलं होतं, आणि गॅरिटी दर वर्षी त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढायचा.

जेवताना एमिल टेबलाच्या एका टोकाला आणि व्हेरोना दुसऱ्या टोकाला, अशी ल्युडमिलाने बेमालूम व्यवस्था केली होती. पण आवाजाला टेबलाची लांबी काय अडवणार?

"ल्युडमिला," एमिल पाव मोडत म्हणाला, "तुझ्या मुलीला विचार, निवडून आली तर बसणार कुठे? विधानसभेत इकडे डेमोक्रॅट, तिकडे रिपब्लिकन. मधल्या बोळात खुर्ची टाकणार का?"

"आई, बाबांना सांग, मला पार्लरमध्ये दिवसभर उभं राहायची सवय आहे."

टेबल हसलं. बेनेडिकना ठसका लागला. एमिललाही हसू येत होतं, ते त्याने कोबीबरोबर गिळलं.

"आणि विचार तिला, एकटं माणूस पूल बांधतं का? पूल बांधायला मागे माणसं लागतात. पक्ष लागतो."

"मग पक्षाने का नाही बांधला?" हे मात्र व्हेरोनाने थेट त्याच्याकडे बघून विचारलं. मार्चनंतरचा हा पहिला प्रश्न, जो आईमार्फत आला नाही. टेबलावरचे काटेचमचे थांबले.

एमिलने हात पुसले.

"तुझ्या आजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं," तोही आता थेटच बोलला. "या गल्लीत कोणालाच येत नव्हतं. मतदानाच्या दिवशी कंपनीचा फोरमन दारात उभा राहायचा. म्हणायचा, बाई, तुला कळत नाही ना, मी दाखवतो कोणाला द्यायचं. मान खाली घालून द्यायची ती. मग ही यंत्रं आली. मी तिला तळघरात नेऊन दाखवलं. हा दांडा, आई. पडद्याआड जायचं, हा ओढायचा, बाहेर यायचं. कोणाला काही विचारायचं नाही. ती त्या दिवशी फोरमनच्या नाकासमोरून ताठ मानेने गेली. पेन्शन त्याच दांड्याने आली, युनियन त्यानेच टिकली. तू चांगली आहेस, लोकांना आवडतेस, मान्य. पण उद्या तू नसशील तेव्हा काय? आवडणारं दुसरं कोणीतरी येईल. हसेल, हात हलवेल, जाईल. त्याला जाब कोण विचारणार? दांड्याला मी जाब विचारू शकतो. चेहऱ्याला काय विचारू?"

"खरंय," बेनेडिक हळूच म्हणाले.

आजीची ती गोष्ट व्हेरोनाने लहानपणी शंभरदा ऐकली असेल, पण ती ऐकताना तिचे डोळे अजूनही तसेच भरून यायचे. मग तिने हात लांब करून भांड्याखालचं फडकं ओढलं आणि वर धरलं. रश्श्याने माखलेला गॅरिटी सगळ्यांकडे बघून हसत होता.

"हा कोणाचा चेहरा आहे, बाबा? दांडा त्याला निवडून देतो, आणि तो दांड्याचं नाव सांगायला लाजतो. पक्ष मी एकटीनेच नाही सोडला. मी निदान दारात येऊन सांगून सोडला."

एमिलने मीठ मागितलं. मीठ त्याच्या पुढ्यातच होतं. सिरिलने ते उचलून पुन्हा तिथेच ठेवलं.

जेवणानंतर व्हेरोना आणि नोरीन केक कापायला आत गेल्या आणि बाकीची मंडळी यंत्राभोवती जमली. हा एमिलचा सगळ्यात आवडता वेळ. मंगळवारी पडद्याआड कोणाची धांदल होऊ नये म्हणून एकेकाने पुढे यायचं, दांडा ओढायचा आणि टाळ्या घ्यायच्या.

पहिला मान कुख्ताबाईंचा. त्यांनी बाह्या सारल्या, दांडा ओढला, वरची ओळ खडखड करत खाली आली.

"घे गं व्हेरोना!" त्या स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडल्या. "दिलं तुला!"

"देव तुमचं भलं करो, कुख्ताकाकू!" आतून आवाज आला.

एमिलला वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली. त्याने दांडा वर केला. बेनेडिक पुढे झाले. खडखड. "हे आपल्या पोरीला," ते समाधानाने म्हणाले. मग कोपऱ्यावरच्या घरातलं जोडपं. खडखड, खडखड. "दोन्ही व्हेरोनाला!"

फिलोमिनाने तर खुर्चीतूनच काठीच्या टोकाने दांडा ओढला. "हुदाकांची पोर," ती म्हणाली. "हुदाकांच्या दांड्यात नाही तर कुठे असणार?"

एमिलने पेटीकडे बघितलं. वरची ओळ सगळी खाली. तिच्यात गॅरिटीही खाली. आणि अगदी तळाच्या ओळीत, त्याच्या स्वतःच्या अक्षरातल्या चिठ्ठीपाशी, एक खटका कोणीही न शिवलेला, ताठ उभा.

या लोकांना मुलगी आवडत होती, मत तिलाच द्यायचं होतं, आणि मंगळवारी सगळी गल्ली हसतमुखाने जाऊन तिला पाडणार होती. कारण एमिल हुदाकने त्यांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

खांद्यावर हात पडला. सिरिल. त्यानेही बघितलं होतं. तो बापाला खिडकीपाशी घेऊन गेला.

"बाबा, काही बोलू नका."

"त्यांना वाटतंय की..."

"वाटू दे. तुम्ही खोटं थोडंच सांगताय? तुम्ही काहीच सांगत नाही आहात. गॅरिटी निवडून येईल, वॉर्ड पक्षाकडे राहील, माझी गाडी राहील. आणि त्यांना सगळ्यांना वाटेल, आपण व्हेरोनाला मत दिलं. कोणाचं मन दुखणार नाही. तिचंसुद्धा नाही. म्हणेल, लोकांनी दिलं, पण थोडक्यात गेलं."

एमिलला कबूल करावं लागलं, की इतकी सोपी निवडणूक त्याने उभ्या आयुष्यात लढवली नव्हती. काही करायचंच नव्हतं. दांडा वर करायचा आणि पुढच्याला बोलवायचं. पक्षाशी इमान राहील, आणि मार्चपासून जी जिद्द मनात धरून बसलो तीही पुरी होईल.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात कुख्ताबाईंनी व्हेरोनाला कवटाळलेलं त्याला दिसलं. "आमचं सगळं घर तुझं," त्या म्हणत होत्या, "काळजी करू नकोस." आणि व्हेरोना, हाताला साखर लागलेली, गाल लाल झालेले, लहानपणी शर्यत जिंकून घरी यायची तशी हसत होती. ही शर्यत ती हरली होती, आणि ते त्या घरात फक्त दोघांना माहीत होतं.

दांडा ओढा, तुम्हाला कोणी फसवू शकणार नाही. हे वाक्य त्याने या माणसांना किती वेळा सांगितलं असेल! त्यांच्या आयांना सांगितलं होतं. स्वतःच्या आईला सांगितलं होतं. आता तो गप्प राहिला, तर दारात उभ्या राहणाऱ्या त्या फोरमनमध्ये आणि त्याच्यात फरक तो काय उरला? फोरमन निदान तोंडाने बोलायचा.

"थांबा!" एमिल ओरडला. "सगळे परत इकडे या. ज्यांनी ओढला त्यांनीही या."

"बाबा," सिरिल कळवळून म्हणाला.

"तू गप." तो पेटीमागे जाऊन उभा राहिला. "या दांड्यात माझी मुलगी नाही."

"नाही म्हणजे?" कुख्ताबाईंनी विचारलं.

"म्हणजे या दांड्यात गॅरिटी आहे. दांडा ओढला की गॅरिटीला मत."

"मग व्हेरोना कुठाय?"

"खाली. शेवटच्या ओळीत."

"इतकी खाली?" कुख्ताबाई हादरल्या. "का, काय केलं तिने?"

"पक्ष सोडला, कुख्ताकाकू," दारातून व्हेरोनाचा आवाज आला. सुरी हातात तशीच. मघाचं हसू गेलं होतं. काय घडत होतं, आणि काय घडणार होतं, ते तिला एका क्षणात कळलं होतं, आणि ती बापाकडे एकटक बघत होती.

एमिलने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"नीट बघा. दांडा ओढायचा. ओढायचाच, त्यात कोणाला माफी नाही." खडखड. "आता हा गॅरिटी. याचा एकट्याचा खटका असा वर ढकलायचा. बोट उचलायचं नाही, याच रकान्यात सरळ खाली यायचं. रिपब्लिकन सोडून द्यायचे. आणि खाली... इथे."

टक्.

वॉर्डातल्या लोकांनी एमिल हुदाकला दांडा सोडून दुसऱ्या कशाला बोट लावताना आजवर कधी बघितलं नव्हतं. बेनेडिकनी नकळत टोपी काढली.

"बाकी सगळे आपले," एमिल घाईने म्हणाला. "फक्त एक खटका. समजलं? एकच."

फिलोमिना खुर्चीतून उठली, आणि हे सहसा घडत नसे. ती पेटीवर वाकली. दांडा ओढला, गॅरिटीला वर केलं, भाचीला खाली केलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "हे असं एकेकाला उचलता येतं? मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"ताई, ते फक्त..."

"हा खजिनदार मला कधीच आवडला नाही." टक्. खजिनदार वर गेला. "मागे चर्चच्या जत्रेत याने माझ्या पायावर पाय दिला, आणि माफीसुद्धा मागितली नाही."

"ताई! तो आपला माणूस आहे!"

"पायही माझा होता. आणि हा कोण? कॉरोनर? म्हणजे मेलेल्यांना तपासणारा ना? एमिल, मेलेल्या माणसाला तपासायला डेमोक्रॅट कशाला लागतो रे?"

तोपर्यंत रांग लागलीही होती. बेनेडिकनी शेरीफ रिपब्लिकनांचा निवडला, कारण तो त्यांच्या साडूच्या शेजारी राहायचा आणि माणूस मोठा गोड होता. कोपऱ्यावरच्या घरातल्या नवराबायकोचं पेटीसमोरच भांडण जुंपलं, कारण इतक्या वर्षांत आपली मतं वेगळी आहेत हे त्यांना आजच कळलं. कुख्ताबाईंनी निवांत चष्मा लावला आणि प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचत, प्रत्येक उमेदवाराच्या आईबापांची कुंडली मांडत, खटके वरखाली करायला घेतले.

"एकच! मी एकच म्हटलं होतं!" एमिल ओरडत होता. ऐकत कोणी नव्हतं. बाजारात भाजी निवडावी तसा त्याचा वॉर्ड उमेदवार निवडत होता.

तो मागे सरकून जिन्याच्या पायरीवर बसला. ल्युडमिलाने त्याच्या हातात कॉफी दिली आणि शेजारी टेकली. तो फडक्यात तोंड लपवून हलत होता.

"हसतोयस की रडतोयस?"

"मलाच कळत नाहीये," एमिल म्हणाला. "आख्खी हयात गेली गं हा दांडा शिकवण्यात. एका कपभर कॉफीच्या वेळात मोडला त्यांनी."

"त्यांनी नाही. तू मोडलास," ल्युडमिला म्हणाली आणि त्याच्या पाठीवर हात फिरवला. "तुझ्या आईला वाचता येत नव्हतं, एमिल. कुख्ताबाई बघ कशा वाचतायत."

पाहुणे पांगले तेव्हा ऊन उतरत आलं होतं. व्हेरोना ओट्यापाशी ताटं पुसत होती. एमिल आत आला, घसा खाकरला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "तुझ्या गाडीत त्या पाट्या आहेत का?"

"आहेत की."

"एक दे."

पाटी घेऊन तो तळघरात उतरला आणि बराच वेळ वर आला नाही. खालून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग शिट्टी. मार्चपासून तळघरातून शिट्टी आली नव्हती. वर आला तेव्हा त्याच्या अंगठ्याला पांढरा रंग होता. पाटीवर छापील 'व्हेरोना'च्या खाली, हाताने काढलेल्या, जराशा तिरक्या पण वरच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हुदाक'.

"पक्षाचं नको तर नको," तो म्हणाला. "बापाचं तरी असू दे."

सिरिल पाटीकडे बघतच राहिला. "ही तुम्ही अंगणात लावणार? वॉर्डप्रमुखाच्या अंगणात? अध्यक्ष तुमचं पद काढून घेतील, बाबा!"

"घेऊ दे. यंत्र माझ्या तळघरात आहे."

"आणि माझी गाडी?"

"बर्फ पडला की त्यांना गाडी चालवणारा लागेलच. तुझ्याएवढं चांगलं जिल्ह्यात कोण चालवतं?" हे त्याने मुलाला आजवर कधी सांगितलं नव्हतं. सिरिल गोंधळला, नोरीनकडे बघू लागला. नोरीनने मुकाट्याने त्याच्या हातात हातोडा दिला.

सगळे अंगणात आले. गॅरिटी, गाडी आणि आपलं नशीब यांच्या नावाने पुटपुटत सिरिल पाटी ठोकू लागला. जमीन कडक होती, त्यामुळे पुटपुटायला त्याला भरपूर वेळ मिळाला. समोरच्या खिडकीतून कुख्ताबाईंनी हात हलवला. त्यांच्या हातात आमदाराचं फडकं होतं.

"आणि मत?" व्हेरोनाने हळूच विचारलं. "तुमचं मत मला?"

"यंत्राला पडदा कशाला असतो?" एमिल म्हणाला. "दांडा तर मी ओढणारच. पुढचं विचारायचं नाही."

ती हसली. मग तिने पाटीवरच्या ओल्या अक्षरांकडे बघितलं. अजून वाळला नव्हता रंग, 'क'चा एक ओघळ खाली येत होता. तिने तो बोटाने टिपला आणि ते बोट तसंच धरून उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "बाबांना सांग..." आणि वाक्य अर्धंच राहिलं.

"आईला कशाला?" एमिल म्हणाला. "मी इथेच उभा आहे. मला सांग."